‘मी आलो’ एवढे म्हणता यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग ज्यांना आपले वाटत नाही, अशा पारलिंगी मुलामुलींविषयी वृत्तपत्रांत किंवा दूरचित्रवाणीवर चर्चा निघाली, की ती बघता बघता औषधे आणि शस्त्रक्रिया यांच्यावर जाऊन थांबते. तीस वर्षे माध्यमिक शाळेत शिकवल्यानंतर मला ठामपणे वाटते, की या मुलांचे आरोग्य ज्या गोष्टींनी रोज घडते किंवा बिघडते, त्या या चर्चेत जवळजवळ येतच नाहीत. आणि त्यांतल्या बहुतेक गोष्टी डॉक्टरांच्या नव्हे, तर घरातल्या आणि शाळेतल्या मोठ्या माणसांच्या हातात आहेत.

माझ्या वर्गात एक विद्यार्थी होता. शाळेच्या नोंदीत त्याचे नाव मुलीचे होते. तो फार कमी बोलायचा, आणि बोललाच तर त्याची वाक्ये आडवळणाची असत. ‘मी उशिरा आले’ असे तो कधी म्हणाला नाही. ‘यायला उशीर झाला’ असे म्हणायचा. ‘मी विसरले’ऐवजी ‘लक्षात राहिलं नाही’. मराठीत ‘मी’ या शब्दामागून येणारे क्रियापद पुष्कळदा बोलणाऱ्याचे लिंग सांगून टाकते, आणि जे लिंग आपले वाटत नाही ते स्वतःच्या तोंडून उच्चारावे लागू नये, म्हणून हा मुलगा दिवसभर वाक्ये वळवत होता. मी भाषा शिकवत असूनही हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे गेली, याची खंत मला आजही आहे.

तो शाळेत पाणीही पीत नसे. मुलींच्या प्रसाधनगृहात त्याला जाववत नव्हते आणि मुलांच्या प्रसाधनगृहात कोणी जाऊ दिले नसते, त्यामुळे शाळा सुटेपर्यंत लघवी रोखून धरणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे होता. मूत्रमार्गाच्या संसर्गाने तो वर्षात दोनदा आजारी पडला, तेव्हा त्याला भरपूर पाणी पिण्याचा सल्ला मिळाला. तो पाणी का पीत नाही, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारले नाही. छातीचा उभार दिसू नये म्हणून तो लवचीक पट्टी घट्ट आवळून बांधत असे आणि खेळाच्या तासाला त्याला धाप लागत असे. अशा पट्टीने बरगड्यांवर दाब येतो आणि श्वास पुरता घेता येत नाही. त्यासाठी खास शिवलेले कपडे मिळतात, तेही साधारण आठ तासांहून अधिक घालू नयेत, आणि झोपताना किंवा व्यायाम करताना तर मुळीच घालू नयेत, ही माहिती त्याला एखाद्या मोठ्या माणसाने न रागावता द्यायला हवी होती. अखेरच्या वर्षी शिक्षकांचे प्रसाधनगृह त्याला वापरू द्यावे, असे आम्ही ठरवले. त्याने त्याचे सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण तो पाणी पिऊ लागला.

हा केवळ माझ्या भावनेचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली स्वीकारलेल्या आणि 2022पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात लिंगभावाची विसंगती, म्हणजे नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांतला फरक, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात घेतली आहे. या मुलांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात हे खरे. पण त्याचा मोठा भाग त्यांच्या ओळखीतून नव्हे, तर नाकारले जाणे, चिडवणूक आणि सततचे लपवणे यांतून येतो. अमेरिकेत 15 ते 21 वर्षांच्या 129 पारलिंगी तरुणांचा एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. घर, शाळा, कामाची जागा आणि मित्रमंडळी यांपैकी किती ठिकाणी त्यांना त्यांनी निवडलेल्या नावाने हाक मारली जाते, हे त्यात पाहिले होते. असे एक ठिकाण वाढले, की आत्महत्येचे विचार 29 टक्क्यांनी कमी आढळले. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून कार्यकारणाचा पक्का निष्कर्ष काढता येणार नाही, हे मी जाणते. तरीही ज्या गोष्टीला खर्च नाही आणि जी केव्हाही मागे घेता येते, ती करून पाहायला याहून अधिक पुरावा कशाला हवा?

औषधांविषयीही लिहायला हवे, कारण पालकांची धास्ती तिथेच असते. वयात येण्यापूर्वी मुलांना यासाठी कोणतेही औषध देऊ नये, असेच या क्षेत्रातल्या प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शिका सांगतात. त्यापुढच्या, यौवनारंभ थांबवणाऱ्या औषधांबाबत तज्ज्ञांमध्ये खरोखर मतभेद आहेत. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्या 2024च्या अहवालाने त्यांमागचा पुरावा अशक्त ठरवला आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यांचा नित्य वापर थांबला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र या उपचारांना असलेला आपला पाठिंबा 2023 साली कायम ठेवला होता. हा वाद संशोधनाने आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत धीराने केलेल्या तपासणीने सुटावा. लहान मुलांच्या बाबतीत घाई करू नये, हे कॅस यांचे म्हणणे मला रास्त वाटते. पण मुलाचे ऐकून घेणे म्हणजे त्याला ढकलणे नव्हे. उद्या ते मूल वेगळे काही सांगू लागले, किंवा ‘मी दोन्हींपैकी कोणीच नाही’ असे म्हणाले, तर तेही तसेच ऐकून घ्यावे.

‘सुधारण्याच्या’ नावाखाली होणाऱ्या उपचारांबाबत मात्र मला कोणताही मध्यममार्ग मान्य नाही. मारून, कोंडून, धाक घालून किंवा समुपदेशनाच्या नावाने लाज वाटायला लावून मुलाची ओळख बदलू पाहणे ही इजा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञांनी 2020 साली अशा प्रकारांवर जगभर बंदी घालण्याचे आवाहन केले आहे. पालक हे बहुधा घाबरून करतात, म्हणूनच मुलाइतकीच त्यांनाही कोणीतरी समजावून सांगणारे हवे असते. शिक्षकांनी एक पथ्य कटाक्षाने पाळावे: मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याला न विचारता घरी कळवू नये. कोणत्या घरी त्या बातमीचे काय होईल, हे आपल्यापेक्षा ते मूलच अधिक जाणते. त्याच्या जिवाला धोका दिसला, तर गप्प राहता येणार नाही. पण तेव्हाही कोणाला आणि काय सांगायचे, हे शक्यतो त्याच्याशी बोलूनच ठरवावे.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. पारलिंगी तरुणांची बातमी देताना त्यांचे जुने नाव आणि जुने छायाचित्र छापू नये, आणि त्यांच्याविषयी लिहिताना ‘तो गेला’ की ‘ती गेली’, हे त्यांना विचारून ठरवावे. हेच वृत्तपत्र घरी वाचणारे एखादे मूल असेच क्रियापद टाळत असेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका