चौक तुंबतो तो शेवटच्या साठ मीटरमध्ये

मा. संपादक,

छत्रपती संभाजीनगर असो, लातूर, नांदेड की परभणी, चौकात कोंडी वाढली की मागण्या ठरलेल्या असतात. रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा आणि तोवर मधोमध निदान कारंजे तरी बसवा. चौक नेमका कुठे आणि का तुंबतो, हे विचारणारे थोडे. सिग्नलच्या चौकाची क्षमता थांबारेषेच्या मागच्या साधारण साठ मीटरमध्ये ठरते. मागे रस्ता शंभर फुटी असेल, पण या तुकड्यात रिक्षा, हातगाड्या आणि प्रवासी घेणाऱ्या बस उभ्या असतील तर त्या शंभर फुटांना काही अर्थ उरत नाही. पैसा आधी या साठ मीटरवर खर्च व्हावा, एवढ्यासाठी हे पत्र.

हिशेब करून पाहू. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रोड काँग्रेस (आयआरसी) या संस्थेच्या सिग्नलविषयक सूत्रानुसार साडेपाच मीटरपेक्षा रुंद तोंडातून (म्हणजे थांबारेषेपाशी वाहनांना मिळणाऱ्या रुंदीतून), हिरवा दिवा सलग राहिला तर, दर मीटर रुंदीमागे तासाला 525 पीसीयू बाहेर पडतात. पीसीयू म्हणजे मोटारीच्या मापात मोजलेली वाहने. सात मीटरच्या तोंडाला हा आकडा 3,675 येतो. समजा, एका चौकात गर्दीच्या तासाला चार बाजूंनी 1,100, 1,000, 600 आणि 500 पीसीयू येतात आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे एकेक बाजू सोडली जाते. प्रत्येक बाजू बदलताना चार सेकंद वाया जातात असे धरले, तर सिग्नलच्या वेळा ठरवण्याच्या वेबस्टरच्या सूत्राने सिग्नलचे एक आवर्तन (चारही बाजू एकदा सुटून पुन्हा पहिलीची पाळी येईपर्यंतचा वेळ) 224 सेकंदांचे येते, म्हणजे जवळजवळ पावणेचार मिनिटे. आयआरसीच्या मते ते 120 सेकंदांच्या वर जाऊ नये. आता मागचा रस्ता आहे तसाच ठेवा आणि चारही तोंडे फक्त शेवटच्या साठ मीटरमध्ये सातऐवजी साडेदहा मीटर, म्हणजे दोनऐवजी तीन रांगांची करा. तेवढीच वाहने, तोच चौक, पण आवर्तन 69 सेकंदांवर येते.

साठ मीटर का, तर या आवर्तनात मुख्य बाजूला साधारण 18 सेकंद हिरवा दिवा मिळतो. तेवढ्या वेळात प्रत्येक रांगेतून नऊ-दहा मोटारी निघतात आणि एका मोटारीला सहा मीटर जागा लागते. रुंदी वीसच मीटर लांबीची दिली तर पहिल्या तीन मोटारी गेल्या की तिसरी रांग संपते आणि पुढचा हिरवा वेळ फुकट जातो. उलट बाजूनेही पाहा: सात मीटरच्या तोंडात तीन मीटर जागा उभ्या रिक्षांनी खाल्ली की उरलेल्या चार मीटरमधून तासाला जेमतेम दोन हजार पीसीयू निघतात. कितीही हुशार सिग्नल आणला तरी ही तूट भरून निघत नाही.

ही साडेतीन मीटर जागा बहुतेक ठिकाणी भूसंपादनाशिवाय निघते. चौकाजवळ दुभाजक अरुंद करता येतो (1.2 मीटरच्या खाली नको, पादचाऱ्याला तिथे थांबायचे असते), तिरपे पार्किंग हटवता येते, रिक्षाथांबा आडरस्त्यावर नेता येतो. बसथांबा चौक ओलांडल्यावर निदान 75 मीटर पुढे हवा. तोंडात तीन रांगा केल्या आणि पलीकडे बाहेर पडताक्षणी बस उभी असली तर कोंडी फक्त पन्नास पावले पुढे सरकते. हातगाडीवाल्यांना नुसते हुसकावले तर ते आठवड्याभरात परत येतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीतून पर्यायी जागा आधी ठरवावी, मग हात लावावा.

या सगळ्याच्या आधी मोजणी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा चुकीची होते. चार बाजू, प्रत्येकीच्या डावे, सरळ, उजवे अशा बारा हालचाली आणि वर यू-टर्न, हे सगळे पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात, निदान बारा तास, व्हिडिओवरून मोजायला हवे. केवळ थांबारेषा ओलांडणारी वाहने मोजली तर चौक आज किती सोडतो तेवढेच कळते. किती वाहनांना जायचे होते ते कळत नाही. त्यासाठी दर हिरव्या दिव्याच्या शेवटी मागे उरलेली रांगही मोजावी लागते. मेच्या सुट्टीत मोजणी केली तर लातूरसारख्या शहरात शिकवणी वर्गांची सगळी गर्दी वगळली जाते. ऊसगाळप सुरू नसताना केली तर दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर दिसत नाहीत, आणि आयआरसीच्या 1990 च्या तक्त्यात एक ट्रॅक्टर-ट्रॉली चार ते पाच मोटारींएवढी धरली आहे. बस 2.2 ते 3.7, रिक्षा 1.2 ते 2, दुचाकी 0.5 ते 0.75. (सिग्नलवर दुचाकी फटींतून पुढे सरकतात, तिथे त्यांचा भार याहूनही कमी धरतात.) मोंढ्याजवळच्या चौकात बाजाराच्या दिवसाची मोजणी वेगळी हवी.

कोपऱ्यांच्या वळणाबाबत दोन्ही टोकांच्या चुका दिसतात. कोपरा फार गोल केला की डावीकडे वळणारी मोटार वेग कमी करत नाही आणि झेब्रा पट्ट्यावरचा माणूस अडकतो. फार काटकोनी ठेवला तर एसटीचे मागचे चाक पदपथावर चढते आणि ट्रॉलीचे तर त्याहून आत जाते. मधला मार्ग असा: मोटारीसाठी सहा ते नऊ मीटर त्रिज्येचा कोपरा, आणि त्याच्या बाहेर मोठ्या वाहनाला चढता येईल असा खडबडीत दगडी पट्टा, रस्त्यापेक्षा दोन-तीन इंच उंच. पादचाऱ्यासाठी आयआरसी सेकंदाला 1.2 मीटर चाल धरते. 21 मीटरचा रस्ता एका दमात ओलांडायला साडेसतरा सेकंद लागतात, मध्ये थांबायला जागा असेल तर एका वेळी नऊ. म्हातारी माणसे याहून सावकाश चालतात. झेब्रा पट्टा जिथे पदपथाला मिळतो तिथे 1:12 उतार हवा आणि पाण्याची जाळी तिथे नको. आज बहुतेक चौकांत पाणी साचते ते नेमके त्याच कोपऱ्यात.

आराखडा कागदावर झाला की लगेच काँक्रीट ओतू नये. फक्कीने रेषा मारा, वाळूच्या गोण्या आणि प्लास्टिकचे अडथळे ठेवा, तीन-चार आठवडे चालवून पाहा. ट्रॉलीचे चाक कुठून जाते, लोक कुठून ओलांडतात, ते गोण्या किती सरकल्या यावरूनच समजते.

आता जमिनीखालचे काम. चौकाचे अंदाजपत्रक आणि वेळापत्रक कोसळते ते इथेच. जलवाहिन्या, मलवाहिन्या, महावितरणच्या केबल, दूरसंचार, काही ठिकाणी गॅस. नकाशावर एक जागा, प्रत्यक्षात दुसरी. रडारने तपासणी करून शिवाय प्रत्येक बाजूला आडवे चाचणी खड्डे घ्यावेत. विजेचे खांब आणि डीपी (वीजवाटपाच्या पेट्या) हलवायला महावितरणकडे प्रस्ताव, अंदाजपत्रक, अनामत अशी पायऱ्यापायऱ्यांनी परवानगी लागते. झाड आड येत असेल तर 1975 च्या महाराष्ट्र झाडांचे जतन अधिनियमाखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. हे दोन अर्ज निविदेच्या कितीतरी आधी गेले पाहिजेत. नाहीतर रस्ता नवा आणि खांब मधोमध, हे दृश्य ठरलेले. जुनी जलवाहिनी काँक्रीटखाली जाणार असेल तर ती बदलून, दाबाची चाचणी घेऊनच झाकावी. आणि प्रत्येक बाजूला आडवे चार ते सहा रिकामे पाईप टाकून दोन्ही टोकांना चेंबर बांधावेत. या पाईपांचा खर्च किरकोळ आहे. ते नसतील तर पुढच्या केबलसाठी नवा रस्ता कापावाच लागतो आणि कापलेले काँक्रीट पूर्वीसारखे कधीच जुळत नाही.

मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. परभणी-नांदेडकडे तिचा थर खोल, संभाजीनगरात अनेक ठिकाणी मुरूम लवकर लागतो. त्यामुळे एका शहराचा काटछेद (रस्त्याच्या थरांची आखणी) उचलून दुसरीकडे चालत नाही. काळ्या मातीवर निदान 500 ते 600 मिलिमीटर मुरमाचा थर हवा, आणि तो 200-200 मिलिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबलेला. चरी भरताना खणलेली काळी मातीच परत लोटतात. पहिल्या पावसाळ्यानंतर चौकात जे खोलगट पट्टे दिसतात ते या चरींचेच. काँक्रीटच्या थराखाली 150 मिलिमीटर कोरडे दुबळे (कमी सिमेंट-पाण्याचे) काँक्रीट, वर एम-40 या मजबूत प्रतीचे. चौकातले तुकडे वेडेवाकडे असतात, त्यांचे टोकदार कोपरे आधी तडकतात. म्हणून तसे तुकडे आणि मॅनहोल असलेले तुकडे जाळीच्या लोखंडासकट ओतावेत. सांधे वेळेत कापावेत, उन्हाळ्यात ओतकाम संध्याकाळनंतर करावे आणि निदान चौदा दिवस ओल्या तरटाखाली पाणी द्यावे. पाण्याचा टँकर निविदेत धरलेला नसतो, मग तरट दुसऱ्या दिवशीच वाळते. जुन्या डांबरावर थर चढवून पातळी वाढवणे हा तर शुद्ध आळस. रस्ता दहा इंच वर जातो आणि पाणी दुकानांत शिरते.

एकावेळी चौकाचा चतकोर भागच बंद ठेवता येतो. प्रत्येक भागाला 28 दिवस धरले तर पाऊस संपल्यावर सुरू केलेले काम चार-पाच महिने चालते, आणि हाच गाळप हंगाम. ट्रॅक्टरांसाठी बाह्यवळणाचा मार्ग आधीच जाहीर करून कारखान्यांना कळवावा लागेल.

उड्डाणपुलाबद्दल थोडक्यात. सगळ्या बाजूंची मिळून वाहतूक तासाला 10,000 पीसीयूच्या वर गेली तर वेगळ्या पातळीचा, म्हणजे पुलासारख्या उपायाचा, विचार करावा, असे आयआरसी सांगते. वरच्या उदाहरणातली बेरीज 3,200 आहे. चारपदरी पुलाला सुमारे 17 मीटर रुंदी लागते. 30 मीटरच्या रस्त्यावर चढणीच्या भागात दोन्हीकडे साडेसहा-साडेसहा मीटर उरतात आणि त्यातच पदपथ, गटार, रिक्षा, वळणारी वाहने. सात मीटर उंचीला 1:30 चढणीने प्रत्येक बाजूला 210 मीटर लागतात, म्हणजे आजूबाजूचे दोन-तीन आडरस्तेही बंद. संभाजीनगरच्या जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको असे पूल झाले. मधले अमरप्रीत आणि आकाशवाणी हे चौक जमिनीवरच आहेत, पुलावर वाचवलेला वेळ तिथे जातो. वर्तुळाकार चौकालाही मर्यादा आहे: आयआरसीच्या 1976 च्या मार्गदर्शिकेने तासाला 3,000 वाहनांपर्यंतच तो उपयोगी मानला होता. (लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, पण ती बाजारपेठ म्हणून आखली गेली. तिच्याकडून वाहतूक बेटाचे काम मागणे अन्यायाचे.) मधोमध नवे पुतळे, शिल्पे आणि उंच कठडे तर नकोतच. पलीकडून येणारे वाहन दिसत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे.

सिग्नलला निदान चार तास चालेल अशी बॅटरी हवी. सकाळ, दुपार, संध्याकाळ यांची वेगळी वेळापत्रके हवीत आणि थांबारेषेवरच्या पहिल्या गाडीला दिसेल असा दुसरा दिवा चौकापलीकडे हवा. फ्लेक्सने तो झाकला जाणार नाही याची जबाबदारी एका नावाने ठरलेली असावी.

महापालिकांकडे आमची मागणी एवढीच: निविदा काढण्यापूर्वी मोजणीचे तक्ते आणि आराखडा प्रभाग कार्यालयात आणि प्रत्यक्ष चौकात फलकावर लावावा, हरकतींना तीन आठवडे द्यावेत. काम संपल्यावर तिसऱ्या महिन्यात पुन्हा तीच बारा तासांची मोजणी करणे ठेकेदाराच्या करारात लिहावे. आणि थांबारेषा, बाण व झेब्रा पट्टे 2.5 मिलिमीटर थर्मोप्लास्टिकचे (वितळवून लावायच्या जाड रंगाचे) असावेत. दोषदायित्व काळात (ठेकेदार दुरुस्तीला बांधील असतो त्या मुदतीत) ते झिजले की ठेकेदाराने स्वखर्चाने पुन्हा मारावेत, अशी अट अनामत रकमेशी जोडावी.

आपले,
शहर रस्ते व वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रातील काही अभियंते,
छत्रपती संभाजीनगर