फीचा आकडा शाळेच्या फाटकावर लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुटी संपली की कोल्हापुरात चौकाचौकांत शाळांचे फलक झळकायला लागतात. ‘प्रवेश सुरू, मोजक्याच जागा शिल्लक.’ माझे यजमान शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला आहेत, मी एका पतसंस्थेत. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला जाणार, म्हणून सुटीच्या दिवशी आम्ही खासगी शाळा बघत फिरतोय. शाळा महाग आहेत ही आमची तक्रार नाही. महाग असेल तर तसं सांगा, झेपलं तर येऊ, नाही झेपलं तर रामराम. अडचण ही आहे की आकडा कागदावर द्यायला कुणी तयार होत नाही.

एका शाळेत आर्ट पेपरवरची गुळगुळीत माहितीपुस्तिका हातात ठेवली. पोहण्याच्या तलावाचा फोटो, रोबोटिक्सच्या खोलीचा फोटो, फीचं पान नाही. विचारल्यावर काउंटरवरच्या मॅडमनी पुस्तिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं एक रक्कम लिहिली. खाली ‘टर्म’, ‘ॲक्टिव्हिटी’, ‘स्मार्ट क्लास’ असे शब्द टाकले आणि त्यांच्यापुढं रिकामी जागा सोडली. ‘ते ॲडमिशन कन्फर्म झालं की कळवतो.’ मी पतसंस्थेत बसते. असा कागद घेऊन कुणी कर्ज मागायला आलं तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवू. पुस्तकं, गणवेश आणि बूट ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचे, हे मात्र त्यांनी दोनदा बजावलं.

खरं तर राज्यात फी नियंत्रणाचा कायदा २०११ सालचा आहे. शाळेनं फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं ठेवायचा, समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असायचा, अशी त्यात रचना आहे. ही समिती कधी निवडली, तिच्यात कोण आहे, असं ज्यांची मुलं खासगी शाळेत जातात त्या ओळखीच्या पालकांना विचारलं, तर बहुतेकांनी माझ्याकडंच चमकून पाहिलं. पुढं या कायद्यात दुरुस्ती झाली आणि फीविरुद्ध विभागीय समितीकडं जायचं तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात असं ठरलं. सकाळी पोरगं फाटकाशी सोडून हेल्मेटही न काढता कामावर पळणाऱ्या माणसांनी पाव शाळा गोळा कधी करायची? आणि आमच्यासारखे, ज्यांचं मूल अजून शाळेत दाखलच झालेलं नाही, ते तर कुठल्याच समितीत बसत नाहीत. फी ठरवताना आमचा विचार नाही आणि भरताना आमची ओळख लगेच पटते.

दुसरी गंमत वयाची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं तेरावं कलम सांगतं की प्रवेशाच्या वेळी डोनेशन घ्यायचं नाही आणि मुलाला किंवा आईबापाला चाळणी लावायची नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, नंतर दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण कायद्यातलं मूल सहा ते चौदा वर्षांचं आणि शाळा जागा भरतात नर्सरीला. पहिलीला गेलं की उत्तर ठरलेलं, ‘आमचीच मुलं वर सरकतात, बाहेरच्यांना एखाद-दुसरी सीट.’ आम्ही लेकीला गल्लीतल्या बालवाडीत घातलं, कारण ती चालत जाऊ शकत होती आणि तिथल्या बाई प्रेमळ होत्या. आता त्या एखाद-दुसऱ्या सीटसाठी ‘नुसत्या गप्पा मारायला’ म्हणून बोलावतात आणि विचारतात, घरात इंग्लिश बोलता का, वडील किती शिकलेत. सासूबाई आमच्यासोबत आल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘स्थळ बघायला आल्यागत विचारत्यात की गं.’

इंग्रजीबद्दल माझा आक्षेप नाही. मुलीला इंग्रजी चांगलं यावं असं मलाही वाटतं. पण ते शिकवणार कोण? एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत वर्गाच्या दाराशी उभी राहिले होते. बाई मुलांशी छान मराठीत बोलत होत्या, ‘अरे डबा सांडलास का, ये इकडं.’ मला ते आवडलं, उगाच का नाकारू? मुख्याध्यापिका मात्र माझं लक्ष गेलेलं बघून अवघडल्या आणि आम्हाला लगबगीनं कॉम्प्युटर लॅबकडं घेऊन गेल्या. त्या बाई कायम आहेत का, डी.एड. आहेत का, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास आहेत का, हे मी विचारलं. ‘आमचा सगळा स्टाफ एक्सपिरियन्स्ड आहे.’ शेजारच्यांच्या मुलाला दुसरीत असताना दिवाळीनंतर बाई बदलल्या आणि संक्रांत झाल्यावर पुन्हा बदलल्या. पगार परवडत नाही म्हणून बाई जातात, आणि त्याच वर्षी फी वाढते. पहिलीच्या वर्गावर गेल्या जूनमध्ये कोण होतं आणि आज कोण आहे, माझ्या मते कुठल्याही शाळेला विचारण्यासारखा हा पहिला प्रश्न. आपण पालकही चुकीचंच विचारतो म्हणा. एसी आहे का, सीसीटीव्ही आहे का. तीस मुलांमागं एक शिक्षक हे पहिली ते पाचवीसाठी कायद्यातलं प्रमाण आहे, पण बाकं मोजताना मला कुणी पालक दिसला नाही.

आणि एक खास कोल्हापूरचा प्रश्न. नव्या शाळा बऱ्याच गावाबाहेर, काही तर नदीपलीकडं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता बंद पडला, हे सगळ्यांना आठवत असेल. सुटी आधी जाहीर झाली तर प्रश्न नाही. शाळा भरल्यावर दुपारी पाणी चढलं तर पोरं कुठं थांबणार, बस कुणाच्या सांगण्यावरून निघणार? मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असा नियम आहे. विचारल्यावर उत्तर आलं, ‘बस कॉन्ट्रॅक्टवर आहे, त्यांना विचारा.’ आमचा रिक्षामामा बरा, निदान फोन तरी उचलतो.

सरकारी शाळेत का घालत नाही, असं वाचक विचारतील. शेजारच्या जरगनगरातल्या महापालिकेच्या शाळेत गुढीपाडव्याच्या प्रवेशासाठी पालक आदल्या रात्रीपासून रांग लावतात. आम्हीही लावणार आहोत. तिथं नंबर लागला तर हे पत्र माझ्यापुरतं संपलं, पण त्या रांगेतल्या सगळ्यांना जागा मिळणार नाही आणि उरलेले पुन्हा त्या पेन्सिलीच्या आकड्यांकडंच वळणार. १९१७ साली शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला रुपया दंड ठेवला. आज दंडाची गरज उरलेली नाही, घालायला निघालेलेच दमून जातात.

महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीचे प्रशासनाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी यांना विनंती आहे की, प्रवेशाचा फलक लावणाऱ्या प्रत्येक शाळेनं फाटकाशी आणखी एक फलक लावावा असं त्यांनी कळवावं. शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक), मान्यता कुठल्या इयत्तेपर्यंत आहे, इयत्तावार वर्षाची संपूर्ण फी, पहिलीच्या वर्गातली पटसंख्या, वर्गशिक्षिकेची पात्रता आणि त्या शाळेतली वर्षं, कार्यकारी समितीतल्या पालकांची नावं. यातलं गुपित काहीच नाही.

आणि तुम्हालाही एक विनंती. पाडव्याच्या आधी तुमच्या अंकाबरोबर प्रवेशाची पुरवणी येते, तिच्यात याच शाळांच्या पानपानभर जाहिराती असतात. त्या पुरवणीत या माहितीचा एक तक्ता द्या. वार्ताहर पाठवून शाळांकडून लेखी मागवा, आणि जी शाळा देणार नाही तिच्या नावापुढं ‘माहिती दिली नाही’ एवढंच छापा.

आपली,
एक पालक
संभाजीनगर, कोल्हापूर