ताळगाव पठारावरची व्याख्याने पेडणे-काणकोणापर्यंत यावीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गोवा विद्यापीठाने राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयाच्या सहकार्याने उभारलेल्या अभ्यागत संशोधन प्राध्यापक योजनेविषयी एक मागणी आपल्या दैनिकातून मांडू इच्छितो. दामोदर धर्मानंद कोसंबी, बाकीबाब बोरकर, मारियो मिरांडा, अँथनी गोन्साल्विस, संत सोहिरोबानाथ आंबिये अशा थोरांच्या नावांची ही अध्यासने आहेत. त्यांवर बाहेरून नामवंत अभ्यासक आणि कलावंत बोलावले जातात आणि त्यांची व्याख्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरती न राखता सामान्य नागरिकांनाही खुली ठेवली जातात. परीक्षेशी आणि पदवीशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला विद्यापीठाच्या वर्गात मानाने बसता यावे, हा विचार मला फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच त्याचा लाभ पणजीच्या आसपास राहणाऱ्यांपुरता उरू नये, अशी कळकळ आहे.

विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. सांगे, काणकोण किंवा सत्तरीतल्या शिक्षकाला, बागायतदाराला अथवा दुकानदाराला कामाच्या दिवशी तिथवर जाणे जमत नाही, आणि संध्याकाळचा कार्यक्रम आटोपल्यावर बसने घरी परतणे त्याहून कठीण. याउलट मडगाव, साखळी, कुडचडे येथे रवींद्र भवने उभी आहेत. सभागृह, ध्वनियंत्रणा, रंगमंच सारे तिथे तयार आहे. निमंत्रित प्राध्यापक गोव्यात असेपर्यंत त्यांची किमान एक संध्याकाळ यांपैकी एखाद्या भवनात ठेवली, तर त्यासाठी नवी इमारत लागणार नाही की मोठा खर्चही.

संगीताच्या बाबतीत ही गरज मला अधिक तीव्रतेने जाणवते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाच्या रचनेला आकार दिला आणि प्यारेलाल यांच्यासारख्या शिष्याला व्हायोलिन शिकवले. ज्या सासष्टी तालुक्यात चर्चच्या पॅरिश शाळांनी पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवली, त्या भूमीत त्यांच्या नावाच्या अध्यासनाची सप्रयोग मैफल झाली, वादकाने मध्ये थांबून रचना उलगडून सांगितली, तर ऐकणाऱ्यांत केवळ हौशी रसिक नसतील. वाजवणारेही असतील, आणि ते प्रश्न विचारतील. असे प्रश्न पाहुण्या कलावंतालाही हवेच असतात. चित्रपटांचेही तेच. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) २००४ पासून गोव्यात भरतो, पण त्या गर्दीत एखादा चित्रपट पाहून त्यावर जाणकाराशी तासभर बोलण्याची सवड क्वचितच मिळते. ती विद्यापीठ वर्षभर देऊ शकते.

भाषेचा मुद्दाही टाळता येणार नाही. बाहेरचा विद्वान इंग्रजीत बोलणार हे समजण्यासारखे आहे. मात्र व्याख्यानानंतर त्याचा आशय मराठीत आणि कोकणीत सांगणारे प्राध्यापक आपल्याकडे निश्चितच आहेत. ज्या बाकीबाबांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली, त्यांच्या नावाच्या अध्यासनाने तरी हे आवर्जून करावे. व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे विषयवार लावून विद्यापीठाच्या ग्रंथालयाबरोबरच तालुक्याच्या वाचनालयांतूनही उपलब्ध व्हावीत; एरवी व्याख्यात्याचे परिश्रम समोर बसलेल्या मोजक्या श्रोत्यांपाशीच संपतात.

या सर्वाची सुरुवात पेडण्यातून व्हावी, अशी माझी विनंती आहे. तेथे विर्नोड्याचे शासकीय महाविद्यालय सोहिरोबांच्याच नावाचे आहे आणि त्यांची पदे या भागातल्या भजनी मंडळांना नवी नाहीत. सोहिरोबानाथ अध्यासनाचे पुढचे व्याख्यान विर्नोड्याला, संध्याकाळी, मराठीतून ठेवावे आणि त्याची तारीख किमान पंधरा दिवस आधी मराठी व कोकणी वृत्तपत्रांतून जाहीर करावी.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा