रोज पाच शब्द, पण पक्के

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

रोज वीस इंग्रजी शब्द पाठ करतेस आणि आठवडा उलटला की त्यातले चार-पाचच हाताशी राहतात, असं तू लिहिलंस. आपली स्मरणशक्तीच कच्ची आहे, असं ठरवूनही मोकळी झालीस. तसं मुळीच नाही. तुझा हिशेब चुकतोय, आणि तो कागदावर मांडला की लगेच दिसतो.

शब्द एकदा पाठ झाला की त्याचं काम संपत नाही. तो पक्का बसायला निदान पाच वेळा, वाढत्या अंतरानं, आठवून बघावा लागतो. पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्यानं, पंधरवड्यानं आणि महिन्यानं. आता रोज २० नवे शब्द घेतलेस, तर दोन महिन्यांत रोजची उजळणी १०० शब्दांवर जाते. चुकलेले पुन्हा येतात ते वेगळेच. एवढं कोणाच्यानं होत नाही. मग उजळणी मागे पडते, नवे शब्द तेवढे चालू राहतात आणि जुने गळत जातात. रोज ५ घेतलेस तर उजळणी २५ शब्दांची, चुकलेले धरून ३० ची. एका शब्दाला दहा-पंधरा सेकंद धर. सात-आठ मिनिटांचं काम. आठवड्यातले सहा दिवस नवे शब्द आणि सातव्या दिवशी नुसती उजळणी, या चालीनं परीक्षा आणि आजारपणाचे दिवस वजा जाऊनही वर्षाला हजार-बाराशे शब्द कायमचे होतात.

विसरणं हा दोष नाही, मेंदू असाच चालतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांत विसरणं सर्वांत वेगानं होतं आणि पुढे तो वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. म्हणून पहिली उजळणी चोवीस तासांच्या आत हवीच. रात्री शब्द घेतलेस तर सकाळी उठल्यावर ते आठवून बघ. ती एक उजळणी चुकली तर पुढच्या चार उजळण्यांना धरायला फारसं काही उरत नाही.

उजळणी म्हणजे यादीवरून नजर फिरवणं नव्हे, हे मात्र नीट ध्यानात घे. वहीत डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि दोन्ही समोर दिसत असताना सगळंच येतंय असं वाटतं. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून तो आठवेलच असं नाही. अर्थ झाकायचा, उत्तर तोंडानं म्हणायचं किंवा कागदावर लिहायचं, आणि मगच उघडून बघायचं. आठवताना जो ताण पडतो, त्यानंच शब्द रुजतो. त्यामुळे आठवत नसेल तर लगेच उलटून बघू नकोस. पाच-सात सेकंद झगड.

यासाठी वहीपेक्षा कार्डं बरी. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे जाड कागदाचे तुकडे आणि पाच कप्पे केलेला एक डबा घे. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं बघायचा. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की ते कुठल्याही कप्प्यात असो, सरळ पहिल्यात. या नियमात स्वतःला सवलत देऊ नकोस. ‘जवळजवळ आलं होतं’ हे चुकलंच धरायचं. मोबाइलवर अँकी नावाचं ॲप हेच काम करतं आणि तारखांचा हिशेब आपोआप ठेवतं. तुला ते सोयीचं वाटलं तर वापर. पण दुसऱ्यांनी बनवलेले हजारो कार्डांचे तयार गठ्ठे उतरवून घेऊ नकोस. वाक्य शोधून स्वतःच्या हातानं कार्ड लिहिण्यातच निम्मं शिकणं होऊन जातं.

आता कार्डावर काय लिहायचं, ते एका शब्दावर दाखवते. समज, वाचताना तुला ‘रिलक्टंट’ अडला. कोशात अर्थ मिळेल ‘अनिच्छुक’. एवढंच लिहिलंस तर तो शब्द कधीच वापरता येणार नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला तो जिथे भेटला ते वाक्य लिही आणि शब्दाची जागा मोकळी सोड. फक्त पहिलं अक्षर दे. ‘ही वॉज आर-टिंबटिंब टु ॲडमिट हिज मिस्टेक.’ त्याखाली मराठीत इशारा: ‘आढेवेढे घेणारा, मनातून राजी नसलेला’. मागच्या बाजूला पूर्ण शब्द, कोशातल्यासारखी आघाताची, म्हणजे म्हणताना जोर कुठे द्यायचा त्याची, खूण (इथे आघात मधल्या ‘लक’वर आहे), मग त्याची भावंडं: ‘रिलक्टन्स’ आणि ‘रिलक्टंटली’. मग वाक्यात त्याच्यापुढे काय येतं ते: ‘टु’ आणि क्रियापद. शेवटी जवळच्या शब्दापासूनचा फरक एका ओळीत. ‘हेझिटंट’ माणूस अडखळतो, कारण त्याचं ठरलेलं नसतं; ‘रिलक्टंट’ माणसाला ते करायचंच नसतं, तरी बहुधा करावं लागतं. एका कार्डाला दोन-तीन मिनिटं लागतील. लागू देत.

कार्डावर इंग्रजी शब्द रोमनमध्येच लिही. या पत्रात मी ते देवनागरीत लिहितेय म्हणून तू तसं करू नकोस. देवनागरीत उच्चार लिहिला की आघात दिसत नाही, आणि आपल्या एका ‘व’मध्ये इंग्रजीतले दोन वेगळे ध्वनी मिसळून जातात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. आघात सरकला की आजूबाजूचे स्वरही बदलतात. ‘डेव्हलप’ आपण पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतो, तो दुसऱ्यावर हवा. कर्जाच्या ‘डेट’मध्ये आणि ‘सटल’मध्ये बी लिहायचा असतो, म्हणायचा नसतो. म्हणून प्रत्येक नवा शब्द ऑनलाइन कोशात दोनदा ऐक, तीनदा मोठ्यानं म्हण, मगच कार्ड लिहायला घे. कानात चुकीचा बसलेला शब्द कोणी नीट उच्चारला तर तुला ओळखूच येणार नाही, मग तो लिहून कितीही पाठ असो.

शब्द कुठून घ्यायचे, याबद्दल माझं मत ठाम आहे: तू जे वाचतेस त्यातूनच. ‘आजचा शब्द’ म्हणून येणारे भारदस्त, दुर्मीळ शब्द मला आवडत नाहीत. ते पुन्हा भेटतच नाहीत, आणि न भेटणारा शब्द टिकत नाही. मायकल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. एवढ्या शब्दांनी साध्या मजकुराचे पाचातले चार हिस्से उलगडतात. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासविषयांच्या लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची भावंडं मिळून एक कूळ) वेगळी काढली. पाठ्यपुस्तकांतला आणखी सुमारे १० टक्के मजकूर त्यांत येतो. तुझी पुस्तकं इंग्रजीत आहेत, तेव्हा ही दुसरी यादी तुझ्या फार कामाची. ती दहा गटांत लावलेली आहे आणि सर्वांत जास्त येणारे शब्द पहिल्या गटात आहेत. पण तीही ओळीनं पाठ करू नकोस. वाचताना शब्द अडला आणि तो या यादीत सापडला, की तो आधी घ्यायचा, इतकाच तिचा उपयोग. यादीत नसेल तर केंब्रिजचा ऑनलाइन कोश बघ. तिथे बऱ्याच शब्दांपुढे ए-वन (सर्वांत सोपी) ते सी-टू (सर्वांत कठीण) अशी पातळी दिलेली असते. बी-टूपर्यंतचा शब्द अडला तर लगेच कार्ड कर. सी-टूचा असेल तर तो दुसऱ्यांदा भेटेपर्यंत थांब.

वाचायचा मजकूरही मोजून घे. ३०० शब्दांच्या पानात सहाच्या आसपास शब्द अडत असतील, तर संदर्भावरून अर्थ लागतो आणि वाचन पुढे सरकतं. पंधरा अडत असतील तर कोश जवळ ठेवून चिकाटीनं वाचावं लागतं. त्याहून जास्त अडले तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेव, कारण संदर्भच हरवलेला असतो आणि मग अंदाजानं लावलेला अर्थ चुकीचा बसतो.

सारखे दिसणारे शब्द एकाच दिवशी घेऊ नकोस. ‘अडॉप्ट’ आणि ‘अडॅप्ट’, ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ अशा जोड्या पुस्तकं शेजारी-शेजारी छापतात आणि तिथेच घोटाळा होतो. दोन्ही अर्धवट बसतात आणि आयुष्यभर एकमेकांच्या जागी येतात. विरुद्धार्थी जोड्यांचंही तेच. एक शब्द तिसऱ्या कप्प्यात गेल्यावरच त्याचा जोडीदार डब्यात येऊ दे.

धातू आणि उपसर्ग यांचा फायदा मात्र तू पटकन उचलशील. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार ही सगळी एकाच ‘हृ’ धातूची मुलं, हे तू संस्कृतात शिकली आहेस. इंग्रजीतही लॅटिनमधून आलेले धातू असेच वागतात. ‘स्पेक्ट’ म्हणजे बघणं, त्यावरून इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रिट्रोस्पेक्ट. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, त्यावरून इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल. पण धातूचा उपयोग अर्थ लक्षात ठेवायला करावा, अर्थ ठरवायला नाही. उपसर्गानं अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेला जातो, हे संस्कृत व्याकरणकारांनीच सांगून ठेवलंय. ‘इन’ म्हणजे नकार असं धरून बसलीस तर ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ ‘कवडीमोल’ लावशील. तो आहे ‘अनमोल’. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे चटकन पेट घेणारं. इथे अंदाज चुकला तर इजाच व्हायची.

शब्दाचे सोबती शिकणं मला अर्थाइतकंच महत्त्वाचं वाटतं. मराठीत आपण शपथ घेतो, पैज लावतो, हट्ट धरतो. यांची अदलाबदल केली तर अर्थ कळेल, पण कानाला खटकेल. इंग्रजीतही पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ असतो, गुन्हा ‘कमिट’ करतात आणि गृहपाठ ‘डू’ करतात. हे नियमानं सांगता येत नाही, म्हणून कार्डावर एकटा शब्द कधी ठेवायचा नाही. आपल्या नेहमीच्या चुका इथल्याच आहेत. मराठीत ‘विषयावर चर्चा’ असते म्हणून आपण ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लावतो. तिथे काहीच लागत नाही. ‘त्याच्याशी लग्न’ म्हणून ‘मॅरिड विथ’ येतं. हवं ‘मॅरिड टु’. ‘कोप’ला ‘अप’ नको, नुसतं ‘कोप विथ’. ‘ॲडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘इक्विपमेंट’ यांना अनेकवचनाचा एस लागत नाही, कारण इंग्रजीत ती मोजायची नामं नाहीत. असा शब्द आला की कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईनं खूण कर.

रोजची वेळ २५ मिनिटांची ठेव. आधी उजळणी, मग नवी कार्डं, आणि शेवटची पाच मिनिटं त्या दिवशीच्या दोन-तीन शब्दांवर स्वतःची वाक्यं. वाक्यं तुझ्या दिवसातली असू देत. कोशातलं वाक्य नावं बदलून लिहिलंस तर काही हाती लागत नाही. हा क्रम बदलू नकोस. नव्या शब्दांचा उत्साह असतो, जुन्यांचा कंटाळा असतो, आणि आधी नवे घेतले की जुने उद्यावर जातात. चार दिवस खंड पडला तर साठलेली कार्डं संपेपर्यंत एकही नवा शब्द घ्यायचा नाही, मग त्याला आठवडा लागला तरी चालेल.

एखादं कार्ड सात-आठ वेळा पहिल्या कप्प्यात परत आलं, तर स्वतःवर चिडू नकोस, ते कार्ड फाडून टाक. बहुधा वाक्य कोरडं असतं, किंवा दुसरा एखादा शब्द त्याच्याशी भांडत असतो. नव्या वाक्यानं नवं कार्ड लिही. तरीही बसला नाही तर सोडून दे. महत्त्वाचा असेल तर वाचनात पुन्हा भेटेलच.

आणि शिकलेला प्रत्येक शब्द लेखनात आलाच पाहिजे, असं काही नाही. ‘यूज’नं काम भागत असताना ‘युटिलाइज’ लिहिलं की वाक्य जड होतं. बरेचसे शब्द वाचताना ओळखता आले तरी पुरे. जे बोलण्या-लिहिण्यात हवेत, त्यांच्या कार्डावर ठिपका दे आणि त्यांचं आणखी एक कार्ड कर: पुढे नुसता मराठी अर्थ, मागे इंग्रजी शब्द. मराठीकडून इंग्रजीकडे जाणं जास्त कठीण असतं. त्यामुळे हे दुसरं कार्ड पहिलं तिसऱ्या कप्प्यात पोहोचल्यावरच काढ.

राहता राहिली तुझी ती जुनी वही. ती टाकू नकोस. उजवी बाजू झाकून एकदा सगळे शब्द तपास. जे चटकन आले त्यांच्यावर काट मार. जे आले नाहीत, पण या महिन्याच्या वाचनात भेटलेले आठवतात, त्यांना गोल कर. पुढचे काही आठवडे तुझे रोजचे पाच शब्द त्यातूनच काढ. बाकीचे तसेच राहू देत. पहिली पाच कार्डं झाली की दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. वाक्यं आणि सोबतचे शब्द मी तपासून देते.

तुझी,
आई