कोपरखैरणेला उतरलेल्या काकूंना

काकू,

तुमचं नाव मला माहीत नाही. ठाणे-पनवेल लोकल, लेडीज डबा, दुपारची वेळ, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, मांडीवर डब्याची पिशवी. एवढ्यावरून शोधायचं तर अर्ध्या महापे एमआयडीसीला विचारत फिरावं लागेल. म्हणून हे उघडं पत्र.

सव्वा महिना झाला म्हणून मी माहेरून नेरुळला निघाले होते. भाऊ सामान घेऊन पुढच्या डब्यात. फलाटावर बाळाला पाजलं, गाडी सुटली आणि ऐरोली यायच्या आत त्याने सूर लावला. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. समोरची म्हणाली, "भूक लागली असेल, पाज की." शेजारची म्हणाली, "वरचं दूध लागणार याला." दारातल्या एकीने कानात इअरफोन घातले. खरं सांगते, त्या तिघींत मला तीच बरी वाटली.

रडणं नवं नव्हतंच. आदल्या आठवड्यात दवाखान्यात दीड तास बसून दीड मिनिट मिळालं होतं. "गॅस आहे, ड्रॉप्स द्या." ढेकर कसा काढायचा ते दाखवायला डॉक्टरांना पेन खाली ठेवावं लागलं असतं. घरच्यांनी माझ्या ताटातून चवळी, वाटाणा, बटाटा, कोबी सगळं उचललं. एका मावशींनी घुटी काढली. पहिले ६ महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नसतं म्हटल्यावर बाळाच्या पोटासारखंच त्यांचं तोंडही फुगलं. पण दूध पिताना, आणि रडतानाही, बाळ हवा गिळतं. ती बाहेर काढायला हात असा ठेव, हे कुणी बोललं नाही. "दे इकडे, तुला नाही जमत," एवढं मात्र सगळे म्हणाले. दिवसातून दहा वेळा माझ्या हातातून मूल काढून घेतलं जायचं आणि मी रिकाम्या हातांनी बसून राहायचे.

तुम्ही "दे इकडे" म्हणाला नाहीत.

उठून माझ्या शेजारी आलात, त्याला माझ्याच मांडीवर बसतं केलंत, किंचित पुढे झुकवून. माझ्या बोटांच्या बेचक्यात त्याची हनुवटी ठेवलीत आणि म्हणालात, "गळ्याला नको, जबड्याला आधार दे." मग माझा उजवा हात घेतलात, तळवा पोकळ करून दाखवलात आणि स्वतःचा हात माझ्या हातावर ठेवून त्याच्या पाठीवर थोपटायला लागलात. कमरेपासून वर. घाई नाही. काकू, तुमचा तळवा खरखरीत होता, भांड्यांचा असेल नाहीतर मशीनचा, पण इतका हलका! रबाळे गेलं, काही नाही. त्याला खांद्यावर घ्यायला लावलंत, पोट खांद्याला टेकेल इतकं उंच. मी तोवर छातीशीच धरत होते. घणसोली सुटल्यावर तुम्ही तुमचा हात हळूच काढून घेतलात. मला कळलंच नाही. थोपटत मीच होते, आणि ढेकर आला. काय ढेकर होता! पंगतीतून उठलेल्या आजोबांचा. दारातल्या मुलीने इअरफोन काढून मागे वळून पाहिलं.

पाठोपाठ दुधाची गुळणी थेट तुमच्या ओढणीवर. मी माफी मागायला लागले, तर तुम्ही म्हणालात, "बघ, काढलास ना तू." काढलास ना तू! त्या तीन शब्दांवर मी कोपरखैरणेपर्यंत रडले. तुम्ही काही विचारलं नाहीत, समजूत घातली नाहीत, "हल्लीच्या मुली" तर नाहीच नाही. पिशवी उचललीत आणि उतरलात. दुसऱ्याला मदत करून वर त्याला लहान न करणं किती जणांना जमतं? आमच्या घरात अजून एकालाही नाही.

तो अजूनही संध्याकाळी रडतो, लपवत नाही. रात्री मोबाइलवर वाचलं, वेसल नावाच्या डॉक्टरांनी १९५४ मध्ये मोजमाप ठरवलं होतं: दिवसाला ३ तासांहून जास्त, आठवड्यातून ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून जास्त काळ रडलं तर कॉलिक. आमच्या साहेबांनी ती परीक्षा केव्हाच पास केली. साधारण ६ आठवड्यांना हे रडणं शिगेला असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बहुतेकदा ओसरतं म्हणे. दिवस मोजतेय. पण आता कुणी "दे इकडे" म्हटलं की मी म्हणते, "थांबा, मी काढते."

एक विचारायचं मात्र राहिलं, काकू. रात्री पिता पिता खांद्यावरच झोपला आणि ढेकर आलाच नाही, तर तुम्ही किती वेळ थोपटत बसायचात?