टीएन २८ वाल्या अण्णांना, नागपूरहून

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

आम्ही तुमचं नाव विचारलं नाही, तुम्ही आमचं विचारलं नाहीत. तुम्हाला मराठी वाचता येत नसणार आणि मला तमिळचं एक अक्षर येत नाही. तरी लिहिते आहे. हिंगणघाट, यवतमाळच्या जिनिंगवर, म्हणजे कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांवर, तुमच्याकडचे ड्रायव्हर येत असतात. हे वाचणारा कुणीतरी त्यांच्यापैकी एकाला सांगेल, तो पुढच्याला सांगेल. टीएन २८ म्हणजे तमिळनाडूतल्या नामक्कलच्या गाड्यांचा नंबर, आणि नामक्कलचे ट्रकवाले एकमेकांना धरून असतात म्हणतात, तेव्हा निरोप पोचायला हरकत नाही.

ओळख पटावी म्हणून सांगते. एप्रिलची सुरुवात, तेलंगणात नेरडीगोंडा सोडून निर्मलकडे जाणारा रस्ता, आणि कडेला बॉनेट उघडून उभी असलेली पांढरी छोटी गाडी. शेजारी दोन म्हाताऱ्या: एक साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली, म्हणजे मी, आणि दुसरी डोक्याला ओला पंचा गुंडाळलेली, म्हणजे माझी मैत्रीण.

तिचा नातू हैदराबादला आणि माझ्या दोन नाती बंगळूरला. दोन्ही गावं एकाच रस्त्यावर, जुन्या सात नंबरवर. आता त्याला चव्वेचाळीस म्हणतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा देशातला सगळ्यात लांब महामार्ग आमच्या गावातून जातो आणि आम्ही जन्मभर त्यावरून फार तर हिंगणघाटपर्यंत जायचं! मुलांचं म्हणणं होतं की विमानाने या. पण विमानात सामान पंधरा किलो. मुरांबा, लोणचं, उडदाचे पापड, शेवया आणि धाकटीसाठी शिवलेली गोधडी हे त्यात बसवून दाखवा म्हटलं. शेजारचे काका फाटकाशी उभे राहून म्हणाले, "कायले जाता बाप्पा एवढ्या उन्हात?" दोघीही गाडी चालवतो, दर दोन तासांनी अदलाबदल करतो, रात्री चालवत नाही. एवढं ठरवलं आणि पहाटे निघालो.

पैनगंगेचा पूल ओलांडला, आदिलाबादच्या पुढे चहा झाला, सगळं छान. मग तापमानाचा काटा हलला. मी चालवत होते. काटा लालकडे सरकताना दिसला तशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. वाफेचा लोट. मैत्रिणीने मागे त्रिकोण ठेवला, चाकांना दगड लावले आणि महामार्गाच्या मदतीच्या १०३३ नंबरला फोन केला. गाडी पाठवतो म्हणाले. आता वाट बघायची. पण थांबायचं कुठे? सागाचं जंगल नावाला. एप्रिलमध्ये सागावर पान नसतं, नुसते उभे दांडे. पारा चाळिशीला आणि बोटभर सावली नाही.

मोटरसायकलवरून दोघं आले. भली माणसं होती. पहिला प्रश्न, "जेंट्स कोण आहे सोबत?" कुणी नाही म्हटल्यावर मुलाचा नंबर मागायला लागले, त्याला कळवतो म्हणाले. हैदराबादेत बसलेला मुलगा निर्मलच्या अलीकडे बिघडलेल्या गाडीचं काय करणार होता, ते त्यांनाच ठाऊक.

आणि मग तुमचा ट्रक पुढे जाऊन थांबला. लुंगी सावरत तुम्ही मागे चालत आलात. इंजिनाकडे पाहिलंत आणि थेट विचारलंत, "गाडी कौन चलाया?" मी म्हटलं, मैं. "काँटा ऊपर गया, उसके बाद कितना दूर चलाया?" म्हटलं, लगेच थांबले. तुम्ही मान डोलावलीत. "बरोबर किया. हेड बच गया." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग.

अण्णा, एवढ्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. गाडी काय, त्या फोनवरची मदतही आलीच असती. पण त्या दिवशी पहाटेपासून ज्याने त्याने आम्हाला आजी, माताजी केलं होतं. टोलवरचा पोरगासुद्धा गाडीत डोकावून "मागे कोणी आहे का" म्हणाला होता. तुम्ही एका ड्रायव्हरने दुसऱ्या ड्रायव्हरला विचारावं तसं विचारलंत. उत्तर ऐकून घेतलंत आणि ते खरं धरून पुढचं काम केलंत.

काम कसं केलंत तेही लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. आधी तुम्ही काहीच केलं नाहीत! ट्रक थोडा मागे घेऊन त्याची सावली आमच्यावर पाडलीत आणि अर्धा तास बसायला सांगितलंत. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, हे तुम्ही हातवारे करून इतकं झकास दाखवलंत की मैत्रीण दोन पावलं मागे सरली. इंजिन निवल्यावर ओलं पोतं हाताला गुंडाळून झाकण थोडं फिरवलंत, थांबलात, सुस्कारा निघून गेला, मग पूर्ण उघडलंत. रेडिएटरचा वरचा रबरी पाइप क्लिपपाशीच चिरला होता. ब्लेडने तेवढाच तुकडा कापलात, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवून पाहिलात. जेमतेम पुरला. आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिलात. "तुम टाइट करो मेडम. आगे तुमको ही लगेगा."

क्लिप आवळताना माझे हात थरथरत होते, वयामुळे. तुम्ही घाई केली नाहीत आणि स्क्रू-ड्रायव्हर परतही घेतला नाहीत. झाल्यावर बोटाने चाचपून म्हणालात, "आधा और." मी अर्धा वेढा अजून दिला. मग इंजिन चालू ठेवून तुमच्या कॅनमधलं पाणी हळूहळू ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. आत हवा अडकली की गाडी पुन्हा हीट मारते, हे मी त्या दिवशी शिकले.

त्या अर्ध्या तासात मैत्रिणीची आणि तुमची जी जमली ती मी बघतच राहिले. ताडपत्रीच्या फटीतून कापसाच्या गाठी दिसल्या आणि तिला राहवेना. तिची सगळी नोकरी हिंगणघाटला जिनिंग-प्रेसिंगच्या हिशेबात गेली. किती गाठी? शंभर. कुठे? कोइंबतूर. "म्हणजे सतरा टन," ती पटकन म्हणाली, कारण गाठ एकशे सत्तर किलोची. तुम्ही खूश होऊन हसलात. एकाचं हिंदी दुसऱ्याला धड कळत नव्हतं, पण ओलावा, वजनकाटा आणि लोडिंगला होणारा उशीर या विषयांवर तुमचं अगदी एकमत होतं. आम्ही धपाटे काढले, तुम्ही केबिनच्या डब्यातून चिंचेचा भात काढलात. तो भात मी नंतर घरी दोनदा करून पाहिला, तसा होत नाही. लोणचं तुम्हाला आवडलं म्हणून मैत्रिणीने बरणीच तुमच्या हातात ठेवली. पैसे मात्र तुम्ही दोन्ही हात मागे घेऊन नाकारलेत.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. एसी बंद, हीटर चालू आणि साठच्या वर जायचं नाही. हीटर इंजिनाच्याच पाण्यातली उष्णता ओढून घेतो हे तुम्ही समजावलंत, पटलंही, पण चाळीस डिग्रीत हीटर लावून गाडी चालवणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला कळतं. खिडक्या उघड्या, दोघी घामाने निथळतोय, आणि आरशात तुमचा ट्रक. निर्मलपर्यंत तुम्ही एकदाही ओव्हरटेक केलं नाहीत. कोइंबतूरला माल उतरवायचा असताना साठच्या खाली एवढा ट्रक रेटणं म्हणजे किती वेळ गेला, ते मैत्रिणीने हिशेब करून सांगितलं. तो इथे लिहीत नाही, लाज वाटते.

गावात जाणाऱ्या फाट्याशी तुम्ही मोठा हॉर्न दिलात आणि पुढे गेलात. निर्मलच्या मेकॅनिकने नवा पाइप घातला. तो मराठी बोलला, आदिलाबादचा निघाला. क्लिप पाहून म्हणाला, "कुणी आवळली? चांगली बसली आहे." मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याचं काय घेऊन बसायचं!

हैदराबादला मुलांना सगळं सांगितल्यावर अपेक्षेप्रमाणे बोलणी बसली. नातवाने मात्र बॉनेट उघडायला लावून पाइप कुठे आहे ते दाखवून घेतलं. मग कुर्नूल, गुत्तीचा किल्ला, अनंतपूरच्या पवनचक्क्या, काहीही न घडता बंगळूर. कापलेला रबराचा तुकडा मैत्रिणीने पर्समध्ये ठेवला होता. धाकट्या नातीने तो मनगटात घातला आणि शाळेला सुट्टी होती तरी शाळेत दाखवायला न्यायचा म्हणून हट्ट धरला.

येताना प्रत्येक टीएन २८ ला हात करत आलो. एका बिचाऱ्याने काही बिघडलं असेल समजून ट्रक थांबवला, त्याची माफी मागितली.

दिवाळीनंतर कापसाचा सीझन सुरू होतो, तेव्हा हिंगणघाटला तुमची फेरी होईलच. जिनिंगवर मैत्रिणीची अजून ओळख आहे. तिथे नुसतं "गाठी मोजणाऱ्या बाई" म्हटलं की आम्हाला फोन येईल, आणि नागपूरहून आम्ही दीड तासात पोचतो. यंदाचं लोणचं मुरलेलं असेल. जुनी बरणी आणली नाहीत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पांढऱ्या गाडीची ड्रायव्हर
(आणि दुसरी ड्रायव्हरही सोबत आहे)