अ‍ॅपमधल्या हिरव्या दिवसांविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळीची नोंद ठेवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. नोंद कशी करायची, ‘मूल राहण्याचे दिवस’ कुठे दिसतात, हे त्यात नीट सांगितलं आहे. एक गोष्ट मात्र राहून गेली. तिच्यापायी आमचं दीड वर्ष गेलं, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षांची, कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. नवरा चाकणला फोर्जिंगच्या कारखान्यात. महिन्यातून दोनदा तो घरी येतो. मूल हवं असं ठरवल्यावर मैत्रिणीने सांगितलेलं अ‍ॅप मी फोनवर घेतलं. पहिल्याच पानावर प्रश्न होता, पाळी किती दिवसांनी येते? मला नक्की सांगता येत नव्हतं. तिथे २८ हा आकडा आधीच भरलेला होता. मी ‘पुढे’ दाबलं. लगेच कॅलेंडरवर सहा दिवस हिरवे झाले आणि त्यातल्या एकावर फूल उमललं.

त्या फुलाच्या तारखेवर आमचं सगळं घर चालू लागलं. हिरवे दिवस मधल्या वारी आले, की नवरा रजा टाकायचा. सेकंड शिफ्ट संपवून रात्री निघायचा, स्वारगेटला मिळेल ती एसटी पकडून पहाटे घरी पोचायचा. ‘मधल्या वारी कसा आलास रे?’ असं सासूबाई विचारायच्या. ‘कंपनीत काम कमी आहे’ असं तो सांगायचा. हे चार-पाच वेळा झाल्यावर मामंजींना घोर लागला, की कारखाना बंद पडतोय की काय. किरकोळ रजा संपल्या, मग बिनपगारी सुरू झाल्या. रजा भरून काढायला पुढच्या सुट्टीला तो ओव्हरटाइमसाठी चाकणलाच थांबायचा. म्हणजे ज्या दिवसांत त्याने खरोखर घरी असायला हवं होतं, नेमका तेव्हा तो नसायचा. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

एकदा पाळी लांबली. दुपारी काउंटरवर गर्दी होती, फोन शेजारीच उघडा पडला होता, आणि त्यावर अ‍ॅपचा संदेश आला: तुम्ही गरोदर असू शकता. शेजारच्या सहकारी बाईंनी तो वाचला. ‘काय गं, गोड बातमी?’ मला काय बोलावं सुचेना. संध्याकाळी मेडिकलमधून किट आणून तपासलं. एकच रेघ. एक्केचाळिसाव्या दिवशी पाळी आली. नंतर महिनाभर त्या बाई माझ्या हातातला डबा स्वतः उचलायच्या, आणि त्यांना खरं सांगायचा धीर मला होत नव्हता.

शेवटी कोल्हापूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी अ‍ॅपमधल्या जुन्या नोंदी मागितल्या आणि केसपेपरच्या मागे पेन्सिलने लिहून काढल्या: ३३, ३६, ३४, ४१, ३५, ३८. प्रत्येक आकड्यातून चौदा वजा केले. खाली आलं १९, २२, २०, २७, २१, २४. मग म्हणाल्या, ‘पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं सगळ्या धरून चालतात. ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. पुढची पाळी कधी येणार हे तुलाच माहीत नाही, तर फोनला कुठून असणार?’

राहून गेलेली गोष्ट हीच. अ‍ॅपला बीज दिसत नाही. आपण भरलेल्या तारखांची सरासरी काढून ते पुढचा अंदाज करतं. जिची पाळी घड्याळासारखी येते तिच्या बाबतीत तो जमतोही. माझ्या बाबतीत सुरुवातीचे महिने ते २८ धरून पाळी आल्यापासूनचे साधारण नववा ते चौदावा हे दिवस दाखवत होतं, आणि बीज सुटत होतं एकोणिसाव्या ते सत्ताविसाव्या दिवसाच्या दरम्यान. पुढे सरासरी ३६ वर गेली, पण पाळीच आठ दिवसांनी मागेपुढे होते, तिथे सरासरी काय कामाची? स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतं, म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस एवढाच काळ. तो निसटला की महिना गेला.

नोंद ठेवणं मात्र मी सोडलेलं नाही. डॉक्टरांना दहा मिनिटांत जे कळलं ते त्या नोंदींमुळेच. पाळीची तारीख लिहून ठेवायला अ‍ॅप उत्तम आहे. पुढचं भाकीत पाहून रजा टाकू नये, एवढंच.

आता मी बीज कधी सुटणार हे लघवीवर तपासायच्या पट्ट्या वापरते. त्यातही एक ठेच लागली, ती इतर बायकांना लागू नये म्हणून लिहिते. गरोदरपणाच्या किटवर दुसरी रेघ फिकट आली तरी ती धरतात. या पट्टीवर तसं नाही. इथे दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद आली, तरच एक-दीड दिवसात बीज सुटण्याचा संभव. मी दोन महिने फिकट रेघेलाच हो समजत होते. ऑफिसच्या बाथरूममध्ये खिडकीच्या उजेडात पट्टी धरून दोन्ही रेघा ताडून पाहायला शिकले तेव्हा फरक कळला. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा बीजकोशांचा विकार) असेल तर ही पट्टीही फसवू शकते, तिथे सोनोग्राफीच करून घ्यावी. सकाळी उठल्या उठल्या ताप मोजायची जी पद्धत आहे, तिच्यात बीज सुटून गेल्यावर तापमान वाढतं. त्या महिन्यापुरता त्याचा उपयोग नाही.

आणि सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट. दीड वर्षात अ‍ॅपने मला झोप, वजन, चिडचिड, पांढरं पाणी, सगळं विचारलं. नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही. आम्हीही नाही विचारलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी त्याची वीर्यतपासणी लिहून दिली. मिलिलिटरला नव्वद लाख पुरुषबीजं आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे. साधी तपासणी, पहिल्या महिन्यात होऊ शकली असती. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांनी डॉक्टरांकडे जावं, बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच, आणि पाळी माझ्यासारखी अनियमित असेल तर वाटच पाहू नये. अ‍ॅपवर फुलाच्या शेजारी हे वाक्य का नसावं?

आणखी एक. संमतीचं लांबलचक इंग्रजी पान मी न वाचताच ‘मान्य’ केलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये फ्लो आणि २०२३ मध्ये प्रीमॉम या अ‍ॅपवर, बायकांची अशी खासगी माहिती बाहेरच्या कंपन्यांना दिल्याबद्दल कारवाई केली. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीचा मजकूर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायची सोय द्यावी असं म्हटलं आहे. मराठी त्यात आहे. ती सोय खरोखर मिळावी, आणि हिरव्या दिवसांवर ‘अंदाज’ हा शब्द मराठीत ठळक छापलेला असावा, यासाठी आपण आपल्या पानांवर लिहावं ही विनंती. त्या पेन्सिलीच्या आकडेमोडीसारखा छोटा तक्ता पुरवणीत छापलात, तर अनेक घरांतल्या रजा वाचतील.

आम्हाला अजून मूल नाही. नवऱ्याने तंबाखू सोडली आहे, भट्टीजवळून दुसऱ्या विभागात बदली मागितली आहे. नवं पुरुषबीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी आहे. ती तारीख त्याने स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, कराड
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे; कृपया छापू नये.)